गढूळ पाणी निवळतं कसं? धरणापासून आपल्या नळापर्यंत

जुलैमध्ये, बाहेर धो धो पाऊस सुरू असताना, नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघा. बहुतेक दिवशी ते नितळ दिसेल. आता त्याच दिवशी मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा किंवा वैतरणेला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्याचं पाणी डोळ्यांसमोर आणा. तांबड्या मातीने भरलेलं, दुधाच्या चहासारखं. ते पाणी आणि हा ग्लास यांच्यामध्ये काय घडतं असं कुणाला विचारलं, तर उत्तर येतं, "गाळतात आणि औषध टाकतात." उत्तर खोटं नाही. पण गाळायच्या आधी एक काम असतं, आणि ते बिघडलं तर गाळणंही फसतं आणि औषधही वाया जातं. त्या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पावसाळा सुरू झाला की आठवीच्या वर्गात दोन काचेच्या बाटल्या घेऊन जाते. मुलंच मैदानातली ओली माती आणतात, दोन्ही बाटल्यांत सारखी घालतात आणि खळखळून हलवतात. बाटल्या टेबलावर ठेवल्या की मिनिटभरात जाडी रेती खाली बसते. मग मुलं वाट बघतात. तास संपतो, मधली सुट्टी होते, शाळा सुटते, तरी पाणी गढूळच. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तरी वरचं पाणी धुरकट असतंच.

कण जितका बारीक तितका तो सावकाश बसतो हे कुणालाही पटेल. पण किती सावकाश, याचा आपल्याला अंदाज नसतो. कणाची जाडी दहापट कमी झाली की त्याचा खाली येण्याचा वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण मीटरभर पाण्यातून दोनेक मिनिटांत तळाला जातो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा चिकणमातीचा कण तेवढंच अंतर जायला दहा-बारा दिवस घेतो, आणि तेही पाणी अजिबात हललं नाही तर. जिवाणूही साधारण याच आकाराचे असतात. शिवाय ते वजनाने पाण्याच्या जवळपास असल्यामुळे आणखी रेंगाळतात.

मग हे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? पाण्यात ते सतत इकडेतिकडे आपटत असतात. चिकटले असते तर गोळे झाले असते आणि गोळे पटकन बसले असते. अडचण अशी की पाण्यात चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. एका जातीचे भार एकमेकांना दूर ढकलतात. दोन कण जवळ येतात आणि टेकायच्या आतच लांब सरतात. गढूळ पाणी गढूळ राहतं ते या ढकलाढकलीमुळे. हा ऋणभार लक्षात ठेवा, तो पुढे आणखी दोन ठिकाणी भेटणार आहे.

दुसऱ्या बाटलीत आम्ही तुरटी घालतो. खडा आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्यायचा आणि ते पाणी थेंबथेंब सोडायचं. आधी बाटली जोरात फिरवायची, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचेल. मग अगदी हळू, झोपाळ्यासारखी हलवत राहायची. चार-पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग कुणीतरी ओरडतं, "बाई, दिसलं!" पाण्यात कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी तरंगायला लागलेलं असतं. बघता बघता त्याचे पुंजके होतात, पुंजक्यांना पुंजके लागतात आणि बाटली टेबलावर ठेवली की हिमवर्षाव व्हावा तसे ते खाली उतरायला लागतात. वरून नितळ पाण्याची पट्टी रुंद होत जाते. इतकी वर्षं बघूनही मला दरवेळी ते बघत उभं राहावंसं वाटतं.

तुरटीत अॅल्युमिनियम असतं. पाण्यात विरघळल्यावर त्यातून धनभाराचे आयन सुटतात. ते मातीच्या कणांवरचा ऋणभार मारून टाकतात, म्हणजे ढकलाढकली थांबते. त्याच वेळी अॅल्युमिनियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट, पिसासारखा साका तयार होतो. त्या साक्यात माती, शेवाळ, जिवाणू, सगळं गुरफटतं. जुन्या काळी कोकणात आणि घाटावर निवळीचं बी उगाळून माठाला आतून फासायचे, तेही याच कामासाठी. त्या बियांतल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या कणांमध्ये पुलासारख्या बसतात आणि त्यांना एकत्र ओढतात. 'निवळणे' या क्रियापदाशी ज्याची नाळ जुळलेली आहे असं झाड आपल्याकडे आहे, हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं.

"जास्त टाकली तर पाणी आणखी स्वच्छ होईल ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही. तुरटी अती झाली की कणांवर उलटा, म्हणजे धनभार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. शिवाय तुरटी पाणी आंबट करते, म्हणजे पीएच खाली आणते. पावसाच्या मऊ पाण्यात हा आंबटपणा सोसायला क्षार फारसे नसतात, त्यामुळे साका नीट बांधलाच जात नाही. म्हणून मात्रा मोजूनच द्यावी लागते, आणि ती रोज तीच नसते.

मुंबईला हे सगळं केवढ्या प्रमाणावर करावं लागतं ते बघा. शहराला पाणी सात तलावांतून येतं: अप्पर वैतरणा, मोडक सागर, मध्य वैतरणा, तानसा, भातसा, आणि शहराच्या पोटातले विहार आणि तुळशी. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. रोजचा पुरवठा सुमारे 385 कोटी लिटर आहे. वैतरणा-तानसाचं पाणी भांडुप संकुलात येतं. तिथे 1910 आणि 900 दशलक्ष लिटर क्षमतेची दोन जलशुद्धीकरण केंद्रं आहेत. भातसाचं पाणी पिसे इथे नदीतून उचलून पांजरापूरच्या केंद्रात नेतात. एवढ्या पाण्यात तुरटीच्या कुळातली रसायनं मिसळायची. कुठे अॅल्युमिनियम सल्फेट, कुठे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड, ज्याला या क्षेत्रातली माणसं नुसतं 'पॅक' म्हणतात. मात्रा जरा कमी पडली तर गढूळपणा पुढे जातो, जास्त झाली तरीही जातो.

ही मात्रा ठरवतात ती आमच्या बाटलीच्या प्रयोगाने. त्याला जार टेस्ट म्हणतात. एका ओळीत सहा काचेची भांडी, प्रत्येकात लिटरभर कच्चं पाणी आणि प्रत्येकात एक फिरणारं पातं. सहा भांड्यांत सहा वेगवेगळ्या मात्रा घालायच्या. मिनिटभर पाती जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं सावकाश फिरवायची, मग थांबवायची आणि अर्धा तास बसू द्यायचं. ज्या भांड्यात कमीत कमी रसायनात वरचं पाणी सगळ्यात नितळ, ती त्या दिवसाची मात्रा. ऑक्टोबरच्या उन्हात धरण शांत असताना ती एक असते आणि घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस कोसळल्यावर दुसऱ्या सकाळी वेगळीच. यंत्रांच्या गराड्यात कुणीतरी भांड्यांकडे निरखून बघतंय आणि त्यावर शहराचं पाणी ठरतंय, हे मला मोठं वाटतं.

केंद्रात पुढे तेच घडतं जे बाटलीत घडलं. आधी पाण्याला पायऱ्यांवरून उड्या मारायला लावून हवा खेळवतात. त्याने कुबट वास जातो आणि विरघळलेलं लोह, मँगनीज हवेतल्या ऑक्सिजनने बाहेर पडायला लागतं. मग रसायनाबरोबर जोरदार घुसळण, मग संथ फिरणाऱ्या पात्यांखाली पुंजके मोठे होणं. इथे घाई केली तर बनलेले पुंजके मोडतात. शेवटी मोठमोठ्या गोल टाक्यांत दोनेक तास निवांत बसणं. तळाचा गाळ खालून काढून घेतात आणि वरचं निवळलेलं पाणी काठावरून ओसंडून पुढे जातं.

आता गाळणी. साठ-सत्तर सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर, कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, खाली खडी. आपल्याला वाटतं की वाळू म्हणजे बारीक चाळणी, मोठं अडकतं आणि छोटं सुटतं. पण हिशोब करून बघा. अशा दोन कणांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी तरी असते, आणि जिवाणू असतो हजाराव्या-दोन हजाराव्या भागाचा. दरवाज्यातून मुंगी जावी तसा तो आरामात जायला हवा. तरी चांगली चाललेली गाळणी बहुतेक जिवाणू अडवते. कसं?

घरातल्या पंख्याकडे बघा. पात्यांमध्ये वीतभर जागा मोकळी असते, धूळ कधीही तिथून निसटू शकते, तरी महिनाभरात पात्यावर काळा थर बसतो. धूळ अडकत नाही, चिकटते. वाळूच्या थरातून जाताना पाण्याला हजारो कणांना वळसे घालावे लागतात आणि प्रत्येक वळणावर मळाचा कण वाळूला टेकतो. टेकला की चिकटायला हवा. इथे तो ऋणभार दुसऱ्यांदा भेटतो. वाळूवरही ऋणभारच असतो. तुरटीने ज्याचा भार मारलेला नाही असा मातीचा कण वाळूजवळ येऊनही ढकलला जातो आणि थरातून सरळ आरपार जातो. म्हणून म्हटलं, आधीचं काम बिघडलं तर गाळणं फसतं. वाळू कितीही चांगली असली तरी.

थर भरत आला की खालून पाणी आणि हवा उलट दिशेने सोडून वाळू घुसळतात. याला 'बॅकवॉश' म्हणतात. गढूळ पाणी वरून वाहून जातं, वाळू पुन्हा जागेवर बसते आणि गाळणी कामाला लागते.

गाळण्याला कमी लेखू नये याचं सगळ्यात दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातलं आहे. 1993 मध्ये तिथल्या एका केंद्रात पाण्याचा गढूळपणा वाढला आणि गाळणीला तो आवरला नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पाण्यातून घरोघरी गेला आणि सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होता. पण या परजीवीचं कवच असं असतं की पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला ते दाद देत नाही. त्याला अडवायला निवळणं आणि गाळणं लागतं.

तरीही क्लोरीनशिवाय शहर चालणार नाही. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने 1908 मध्ये पुरवठ्याच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात केली आणि पुढे जगभरची शहरं त्या वाटेने गेली. विषमज्वर आणि पटकी नळातून येणं पुष्कळ कमी झालं, त्यात याचा मोठा वाटा आहे.

क्लोरीन पाण्यात गेला की त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जिवाणू मारतं ते हे. पण पाण्याचा पीएच वाढला की हेच आम्ल मोडून हायपोक्लोराइट आयन होतो, आणि तो कितीतरी पटींनी दुबळा असतो. पीएच 7.5 ला दोन्ही निम्मे निम्मे असतात. 8.5 ला आम्ल दहाव्या हिश्शावर येतं. क्लोरीन तेवढाच, पण धार गेलेली. याचं कारण पुन्हा तोच ऋणभार, तिसऱ्यांदा. जिवाणूच्या आवरणावर ऋणभार असतो. हायपोक्लोराइटवरही ऋणभार, म्हणून तो दाराशीच ढकलला जातो. हायपोक्लोरस आम्लावर भार नसतो, त्यामुळे ते आत शिरतं.

मारायला वेळही लागतो, किमान अर्धा तास धरतात. आणि पाणी गढूळ असेल तर जिवाणू मातीच्या कणाआड लपतात, शिवाय त्यातला कुजका मळ क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आधी नितळ, मग क्लोरीन. हा क्रम उलटा चालत नाही.

पाण्याला 'औषधाचा वास' आला की आपण वैतागतो. चहा बिघडतो, भाताला वास येतो, तक्रार खरी आहे. क्लोरीनची पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी अभिक्रिया होऊन नको असलेली उपउत्पादनं तयार होतात हेही खरं. 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं. त्यावरचा उपायही आधीच्या कामातच आहे. क्लोरीनच्या आधी सेंद्रिय मळ जितका काढाल तितकी ती कमी. जागतिक आरोग्य संघटनेचं मत याबाबत स्पष्ट आहे: या उपउत्पादनांचा धोका अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्यापुढे फार छोटा आहे. मलाही हलका वास आलेला आवडतो. उघड्या भांड्यात तासभर ठेवलं की तो बराचसा उडून जातो.

कारण त्या वासाचं काम भांडुपला संपत नाही. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवा. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर चाललेला पहारेकरी. तो कशासाठी लागतो ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. पाणी बंद झालं की लाइनमधला दाब उतरतो आणि कुठे बारीक चीर असेल, शेजारून गटार जात असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. लाइनला डायरेक्ट मोटार लावणारे हा धोका आणखी वाढवतात. मग पाणी परत आलं की पहिली काही मिनिटं ते मळकट असतं. ते सोडून द्यायचं आणि मगच भरायचं. आपल्या आया करायच्या ते योग्यच होतं.

18 जुलै 2021 ला तर मुसळधार पावसाचं पाणी भांडुप संकुलातच शिरलं, यंत्रणा बंद पडली, शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा थांबला आणि महापालिकेला पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं.

पण मी जवळून बघितलेला घोटाळा एवढा मोठा नव्हता. तो आमच्याच बिल्डिंगच्या आवारात होता. गेल्या पावसाळ्यात एका आठवड्यात चार घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. सगळे म्हणाले, वरूनच पाणी खराब येतंय. मी शाळेतून ओटी टेस्टची बाटली आणली. ऑर्थोटोलिडीन नावाचं रसायन असतं, त्याचे थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. जितका क्लोरीन तितका गडद पिवळा. रंग लगेच बघायचा आणि ते पाणी कधीही तोंडात जाऊ द्यायचं नाही, ओतून हात धुवायचे.

पहाटे पाणी आलं तेव्हा लाइन टाकीत पडते तिथलं पाणी घेतलं. लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ पिवळा. खालच्या सक्शन टँकमधलं घेतलं. पिवळा आहे की नाही असा वाद व्हावा इतका फिका. गच्चीवरच्या टाकीतलं घेतलं. काहीच रंग नाही. पहारेकरी आमच्या दारापर्यंत आला होता, आणि आमच्याच टाकीत संपला होता. खालची टाकी उपसली तेव्हा तळाला चार बोटं गाळ होता. भिंतीला चीर होती आणि त्या भिंतीपासून तीन फुटांवर तुंबलेला ड्रेनेजचा चेंबर. चीर बुजवली, चेंबर मोकळा केला, टाकी घासून धुतली, क्लोरीनच्या पाण्याने भरून रिकामी केली आणि झाकण बदललं. आता पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा टाकी धुणं ठरलेलं आहे.

शंका असेल तेव्हा घरात काय करावं? उकळा. खळखळून उकळी आली की मिनिटभर तशीच ठेवली तरी पुरे, जिवाणू, विषाणू आणि तो क्रिप्टोस्पोरिडियमही मरतो. मग त्याच भांड्यात झाकून गार करा, दुसऱ्या भांड्यात ओतू नका. उकळायच्या आधी फडक्याने गाळा. तो नुसता सोपस्कार नाही. बांगलादेशात मतलब भागात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी किमान चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं, आणि पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरलं. पटकीचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांना चिकटलेले असतात आणि ते किडे साडीत अडकतात.

आरओबद्दल एवढंच सांगते. विकणारा येतो, पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. तो आकडा जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. तलावांचं पाणी पावसाचं, मऊ, त्यात क्षार मुळातच कमी. महापालिकेच्या पाण्याला आरओ लावून क्षार काढायचे आणि प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडायचं, हे मला पटत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं. बोअरवेलचं खारट पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

ओटीची बाटली आता आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये फळीवर असते, शेजारी एक वही. पहाटे पाणी आलं की तो लाइनचं आणि गच्चीच्या टाकीचं पाणी तपासतो आणि दोन रकान्यांत लिहितो: पिवळा, फिका, रंग नाही. गेल्या महिन्यात 'रंग नाही' दोनदाच आलं, दोन्ही वेळा गच्चीवरच्या टाकीचं. दुसऱ्यांदा वर जाऊन बघितलं तर टाकीचं झाकण वाऱ्याने सरकून अर्धवट उघडं पडलेलं होतं. आता त्यावर साखळी लावली आहे.